गाडीखालची बाई

गाडीत गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, चढवताना शिवय्याचा पाय निसटला आणि कमरेचा मणका सरकला. डॉक्टरांनी ऑपरेशन टाळलं, पण बजावून सांगितलं की आता वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. पट्टा बांधून पिकअप चालवता येत होती. तिच्याखाली झोपून काम करणं मात्र कायमचं बंद झालं.

हे दुसरं त्याला जास्त लागलं. गॅरेजवाल्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. गाडी घेतल्यापासून तिचं ऑइल, ग्रीस, ब्रेक, क्लच, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं. शिवाजी पेठेत घराच्या बाजूला एक मोकळी जागा होती, तिला पत्र्याचं गेट होतं. सुट्टीच्या दिवशी गाडी तिथं लावायची आणि दिवसभर तिच्यात रमायचं, हा त्याचा नेम.

गाडीचं ऑइल बदलायची वेळ झाली तेव्हा त्यानं गेट आतून लावून घेतलं, गाडीखाली पोतं अंथरलं आणि बायकोला हाक मारली.

"शांता, माझा जुना शर्ट घाल आन ये हिकडं."

शांतादेवीला आधी वाटलं, काहीतरी धरायला बोलावलं असेल. त्यानं पोत्याकडं बोट दाखवलं तेव्हा ती बघतच राहिली. मग मुकाट्यानं आत शिरली. तो बाहेर खुर्चीवर बसून ओरडत होता, "उलटा फिरवालीस! डोकं चालव की जरा!" नट सुटला आणि काळं तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्या दिवशी तिनं खूप शिव्या खाल्ल्या. पण काम झालं.

पुढं शिव्या कमी होत गेल्या. मग थांबल्याच, कारण सांगण्यासारखं काही उरलं नाही. चाक खोलून ब्रेकचे लायनर बदलणं, क्लचची केबल घालणं, बेरिंगला ग्रीस भरणं, सगळं तिच्या हातात बसलं. नुसत्या आवाजावरून कुठं काय बिघडतंय ते तिला समजायला लागलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. घरात दिवसभर राबून कुणी बरं म्हणत नाही. इथं नट नीट बसला की बसला, गाडी सुरू झाली की झाली. कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

"भायेर कुटं बोलू नगंस," शिवय्या म्हणाला होता. "लोक म्हनतील, बायकूला गाडीखाली घालतोय."

तिलाही ते तेव्हा पटलं. नखातला काळेपणा जात नसे, म्हणून हळदीकुंकवाला जाताना ती हात पदराखाली ठेवायची.

मार्केट यार्डाच्या स्टँडवर मात्र शिवय्याच्या गाडीचं नाव व्हायला लागलं. इतरांच्या गाड्या आज इथं, उद्या तिथं बंद पडायच्या. याची कधी बंद पडली असं कुणी पाहिलं नाही. कुठल्या मिस्त्रीकडं टाकतोस म्हणून पोरं विचारायची. सुरुवातीला तो "घरीच बघतो" एवढंच म्हणायचा. हळूहळू त्यातलं 'घरी' गळालं.

"मीच बघतो की. ह्या असल्या कंबरंत."

आणि लोक कमरेच्या पट्ट्याकडं पाहून आणखी थक्क व्हायचे.

खंडेनवमीला स्टँडवर गाड्यांची पूजा झाली. पिकअपवाल्यांच्या संघटनेनं त्या वर्षी शिवय्याला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मोडक्या पाठीनं आपली गाडी आपण सांभाळणारा गडी, असं अध्यक्ष माइकवरून म्हणाले. शांतादेवी बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. आदल्याच दिवशी तिनं त्या गाडीचं पुढचं चाक उघडून बेरिंग बदललं होतं आणि दोन बोटं सोलवटली होती. शिवय्यानं माइक हातात घेतला. आता तो तिच्याकडं पाहील, निदान पाहील तरी, असं तिला वाटलं.

"गाडीवर जीव पायजे," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हातात दिली की गाडी संपली."

टाळ्या पडल्या. शेजारी उभ्या असलेल्या विद्याश्रीनं तिला कोपरानं ढोसलं. "अक्का, नशीबवान हैस बघ. आमचं हे साधा पान्ना धरत न्हाईत."

विद्याश्रीचा नवरा मल्लेश हा शिवय्याचा जुना दोस्त. त्याचीही पिकअप होती. तो गूळ भरून शाहूवाडीवरून आंबा घाटानं कोकणात उतरायचा. दिवाळीनंतर एका सकाळी तो गाडी घेऊन थेट पत्र्याच्या गेटातच आला. मागच्या चाकातून ब्रेकचं ऑइल गळत होतं.

"शिवय्या, तूच बघ बाबा. गॅरेजवाला दोन दिवस ठेव म्हनतोय, आन मला आजच भरून निघायचं हाय."

शांतादेवी दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. आता हा सांगेल, कंबर दुखतीय, उद्या बघू. मग मल्लेश गेला की ती करेल. पण शिवय्यानं बाह्या वर सारल्या.

"त्यात काय हाय? घे जॅक."

दोघांनी मिळून चाक काढलं. पट्ट्यामुळं शिवय्याला नीट बसताही येत नव्हतं. मांडीवर भार देत, घामाघूम होत त्यानं गळका भाग बदलला. तोवर ठीक होतं. मग ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा काढायची वेळ आली; ती आत राहिली तर ब्रेक लागत नाही. मल्लेश आत बसून पेडल दाबत होता, शिवय्या खाली वाकून चाकाजवळचा हवा सोडायचा निप्पल ढिला करत होता. शांतादेवी चहा घेऊन आली आणि पाहता पाहता तिच्या लक्षात आलं. मल्लेश पेडलवरचा पाय उचलून मोकळा होत होता, आणि वाकलेल्या कमरेनं शिवय्याला निप्पल बंद करायला उशीर होत होता. जेवढी हवा बाहेर जात होती, तेवढीच परत आत ओढली जात होती.

"अहो," ती म्हणाली, "आदी निप्पल आवळा, मग त्यास्नी पाय सोडाय सांगा. हवा आत जालीया."

शिवय्यानं मान वर केली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"चहा ठेव आन आत जा."

मल्लेश खिडकीतून हसला. "काय वैनी, तुमीबी शिकला की!"

"ऐकून ऐकून बोलतीया," शिवय्या म्हणाला. "तू दाब पेडल."

ती आत गेली. पण स्वयंपाकघरात तिचा पाय ठरेना. मल्लेशची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तशी ती धावत गेटाशी आली आणि खिडकीला हात लावला.

"भावजी, पेडल खाली जातंय का वो?"

"जरा मऊ लागतंय. शिवय्या म्हनाला, चालवून चालवून वर येतंय."

"येत न्हाय ते. भावजी, ऐका माजं. आज घाट उतरू नगा. हितंच कुटंतरी गॅरेजला दावा आन मग जावा."

"वैनी, शिवय्यानं केलंय की हातानं. मग कसली भीती?" असं म्हणून त्यानं गाडी गल्लीतून बाहेर काढली.

शांतादेवी वळली तर मागं शिवय्या उभा होता. "मानसासमोर माजी इज्जत घालवतीस व्हय गं?" त्यानं दात खाऊन विचारलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुपारनंतर फोन आला. घाट उतरताना एका वळणावर मल्लेशचं पेडल पार तळाला टेकलं होतं. दरीत जाण्यापेक्षा त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून जीव वाचला. पण पुढचा पत्रा आत घुसला आणि डावा पाय त्यात चेंगरला. कोल्हापूरला आणल्यावर डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात स्टँडवरची बरीच माणसं जमली होती. संघटनेचे अध्यक्ष होते. विद्याश्री भिंतीला डोकं लावून बसली होती. शांतादेवी तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तिचा हात धरला. कुणीतरी सरळच विचारलं, "शिवय्या, ब्रेक तूच केलतास न्हवं सकाळी?"

शिवय्या खाली बघत उभा राहिला. सगळे वाट बघत होते. शांतादेवीला त्या क्षणी त्याची कीवसुद्धा आली. आता हा मोडून पडेल, रडेल, आपण त्याला सावरायचं, असं तिच्या मनात आलं.

"माझ्या कंबरंनं मला वाकायला येतंय व्हय?" शिवय्या म्हणाला. "गाडीचं काम आमची बायकूच करती. किती वर्सं झाली. इचारा तिला."

सगळ्यांच्या नजरा तिच्या हातांवर आल्या. नखातला काळेपणा तिथंच होता.

"खरं हाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"काम मी करते, खरं हाय," शांतादेवी म्हणाली. "पर ह्या गाडीला मी हात लावला न्हाय. ह्यांनीच..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. विद्याश्रीनं तिचा हात झिडकारला. "बाईमानसानं ब्रेक उघडलं? माज्या नवऱ्याच्या गाडीचं?" ती किंचाळली. "ऊठ हितनं! ऊठ म्हनते न्हवं!"

नंतर गल्लीत, स्टँडवर एकच विषय झाला. काही जण शिवय्याला दोषही देत होते, पण तो एवढाच की बायकोला नको त्या कामाला लावलं. बिचारा, कमरेपायी त्याला लावावं लागलं, असंही पुढं जोडत होते. फेटा बांधलेल्या दिवसाची आठवण कुणी काढली नाही.

मल्लेश घरी आल्याचं कळलं तसं शांतादेवी त्याच्याकडं गेली. विद्याश्रीनं दार उघडलं आणि तोंड फिरवून आत निघून गेली. मल्लेश कॉटवर बसला होता. चादरीखाली एका बाजूला सपाट होतं. तिला तिकडं बघवेना.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी समोर हुता. कुनी केलं तुमाला ठावं हाय. मी दोनदा सांगितलं तेबी तुमी ऐकलंय."

मल्लेशनं नजर खिडकीकडं वळवली.

"ठावं हाय, वैनी."

"मग सांगा की एकदा. निदान विद्याश्रीला तरी सांगा. ती माज्याकडं बघंना झालीया."

"काय सांगू?" तो एकदम चिडला. "वैनी वराडत हुती आन मी हसून गेलो, आसं सांगू? ती बायकू हाय माजी. रोज माजं पाय... माजा पाय धुती. तिला मी आसं सांगू?" त्यानं श्वास घेतला. आवाज खाली आणला. "शिवय्या रोज येतोय. तासभर बसतोय. त्योबी गेला तर माज्याकडं कोन येनार हाय? तुमचं काय जातंय, वैनी? तुमी काय स्टँडवर बसत न्हाय. चार दिस लोक बोलतील आन इसरतील."

ती उठली. दारात विद्याश्री आडोशाला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. शांतादेवी थांबली. विद्याश्रीनं तिच्याकडं एकदा पाहिलं, खाली मान घातली आणि ती बाहेर पडताच आतून कडी लावली.

घरी येऊन तिनं पान्न्यांचा डबा शिवय्यासमोर ठेवला.

"आजपास्नं मी गाडीखाली जानार न्हाय."

"मग गाडी कोन बघनार?"

"तुमी. तुमचा जीव हाय न्हवं तिच्यावर."

त्यानं हात उगारला. पण कमरेत कळ आली आणि तो खुर्चीत बसला. ती आत निघून गेली.

त्यानं मग गाडी गॅरेजला टाकायला सुरुवात केली. आज हे, उद्या ते. रोज सकाळी गाडी गल्लीतून बाहेर पडताना शांतादेवीला चुलीपाशी तिचा आवाज ऐकू यायचा. मागच्या चाकाची घरघर, क्लचचा ताण, काय झालंय आणि काय करायला हवं, सगळं तिला समजायचं. ती भाकरी थापत राहायची. आलंच तोंडावर तर दात घट्ट मिटायची. वर्ष पुरं व्हायच्या आत शिवय्यानं ती पिकअप मिळेल त्या किमतीला विकली आणि एका दुकानात गल्ल्यावर बसायला लागला. गिऱ्हाइकांना तो आपल्या जुन्या गाडीच्या गोष्टी सांगतो.

संक्रांतीला नणंद आली होती. वाण देताना तिनं शांतादेवीचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"बघ," ती समाधानानं म्हणाली, "आत्ता कसं बाईमानसाचं हात दिसालेत."

शांतादेवीनं हात सोडवून घेतला आणि तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवला.