अकरा मुली, दोन शाळा

करुणा तांबेने स्पर्धेचा प्रवेशअर्ज भरला तेव्हा 'शाळेचे नाव' या रकान्यात दोन शाळांची नावं लिहिली, मध्ये एक आडवी रेघ देऊन. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. खाली लाल अक्षरांत एकच ओळ होती : एका संघास एकच शाळा.

तिला ते ठाऊक होतं. तरी तिने लिहून बघितलं होतं.

करुणा भडेखोलच्या हायस्कुलात भूगोल आणि खेळ शिकवायची. मुलींची सतरा वर्षांखालची खो-खोची टीम उतरवायची तर मैदानावर नऊ जणी लागतात. तिच्या शाळेत आठवी ते दहावी मिळून मुली होत्या सहा. मधला पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडला की कोंडतळी; तिथल्या हायस्कुलात पाच. दोन्ही गावांतली निम्मी घरं गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडायची; एरवी माणसं विरार-नालासोपाऱ्याला आणि त्यांची मुलं तिथल्याच शाळांत.

कोंडतळीचे हेडमास्तर राजाराम रांबाडे. करुणा त्यांचीच विद्यार्थिनी. कोंडतळीच्या बौद्धवाडीतली ही किडकिडीत पोर आठवीत होती तेव्हा सरांनी तिला खांबाभोवती वेग न मोडता वळायला शिकवलं, आणि दहावीत ती थेट राज्य स्पर्धेला खेळून आली. पुढे ती बीपीएड झाली आणि समोरच्या गावात नोकरीला लागली. तेव्हा सर म्हणाले होते, "शत्रूकडे गेलीस गो." म्हणाले आणि पेढा दिला.

आता भांडायलाही टीम उरली नव्हती. म्हणून दोन वर्षं दोघं आपापल्या मुलींना एकत्रच पळवत होते. दोन गावांच्या मधल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, पालकांनी आठ ट्रॅक्टर माती टाकून मैदान करून दिलं होतं. खाली उतरता कातळ असल्यामुळे पाणी थांबायचं नाही. भर श्रावणातसुद्धा तासाभरात पाय रोवून पळता यायचं. भडेखोलची आरोही खांबावर अशी वळायची की मागच्या मुलीच्या हाती नुसता वारा लागावा. कोंडतळीची सानवी, दहावीतली, सूर मारून गडी टिपायची. अकरा जणी मिळून झकास टीम होती. फक्त कागदावर ती नव्हती.

कागद पुण्याहून यायचे. तालुका जिंकला की जिल्हा, जिल्हा जिंकला की विभाग, मग राज्य, अशी सगळी शिडी राज्य शालेय स्पर्धा मंडळाच्या हातात. खेळाडूंची वयं, जन्मदाखले, शाळेचा क्रमांक, हेडमास्तरांची सही, अर्जाची शेवटची तारीख, सारं तिथून ठरायचं. करुणाने परत आलेल्या अर्जावरचा फोन नंबर फिरवला.

फोन मंडळाचे सचिव सुहास मयेकर यांनीच घेतला. त्यांनी सगळं न तोडता ऐकून घेतलं.

"मॅडम, हा नियम का आहे ते सांगतो," ते म्हणाले. "पूर्वी मोठ्या शाळा आजूबाजूच्या चांगल्या चांगल्या मुली गोळा करून आपल्या नावावर उतरवायच्या. शाळेतली खरी मुलगी राखीव म्हणून बाकावर बसून राहायची. ते थांबवायला केला हा नियम."

करुणा भांडायच्या तयारीने बसली होती. नियमामागे काही अर्थ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"आमच्याकडे बाकावर बसायलाही कोणी उरत नाही, सर."

"ते मला कळतंय. पण कळतंय म्हणून मला सही करता येत नाही."

"मग कोणाला करता येते?"

"कोणालाच नाही. नियमच बदलावा लागेल. नियम समिती एप्रिलमध्ये बसते. प्रस्ताव लेखी द्या. आकडे द्या."

एप्रिलमध्ये सानवीची दहावीची परीक्षाही उरकलेली असणार होती.

करुणाने हे सरांना सांगितलं. सर 'बरं' म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ते तिच्या घरी आले. चहा होईपर्यंत पावसाच्या गप्पा मारल्या आणि मग पिशवीतून एक लांब पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

आत शाळा सोडल्याचे पाच दाखले होते. सानवीचा सगळ्यांत वर. सरांच्या टपोऱ्या अक्षरात भरलेले, खाली सही, शिक्का.

"उद्या पाचहीजणींची नावं तुझ्या शाळेत घाल," सर म्हणाले. "ऑगस्टअखेरपर्यंत शाळा बदलली तर नव्या शाळेकडून खेळता येतं. परिपत्रक दोनदा वाचलंय मी. पालकांशीही बोललोय."

"आणि तुमचा पट?"

"सत्तावीस राहतील."

"सर, सत्तावीसवर शाळा ठेवतील का?"

"मी मेमध्ये रिटायर होतोय."

"मुलं नाही ना रिटायर होत."

सरांनी बशीतला चहा तसाच धरून ठेवला. शाळा बंद झाली तर कोंडतळीच्या वरच्या वाडीतल्या मुलांना पावसाळ्यात पऱ्यावरचा साकव, तो अरुंद पूल, ओलांडून भडेखोलला यावं लागणार होतं. दर जुलैत त्या साकवावरून पाणी जायचं. हे करुणाने त्यांना सांगायची गरज नव्हती. त्या साकवासाठी पंचायत समितीत अर्ज करकरून सरांच्या चपलांचे दोन जोड झिजले होते.

"सोळा वर्षं झाली गो," ते हळूच म्हणाले. "तू खेळलीस त्यानंतर आमचं कोणी जिल्ह्याच्या पुढे गेलं नाही. जायच्या आधी एकदा बघायचं होतं. बास, एवढंच."

करुणाने दाखले नीट पाकिटात घातले आणि पाकीट त्यांच्या पिशवीत, छत्रीच्या कडेला सरकवलं.

"हे मी नाही घेणार, सर. पहिल्यांदाच तुमचं ऐकत नाहीये."

"पहिल्यांदाच?" सरांनी भुवया उंचावल्या. मग दोघंही हसली, आणि सरांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

त्या आठवड्यापासून ती दोघं आकड्यांच्या मागे लागली. करुणा स्कूटीवरून तालुकाभर फिरली. आधीच्या रविवारी फोन करून ठेवलेल्या प्रत्येक शाळेत तिला चहा मिळाला आणि एकच उत्तर : नऊ मुली भरत नाहीत, म्हणून खेळ बंद. अशा अकरा शाळा निघाल्या. सरांनी प्रस्ताव लिहिला, तीन वेळा फाडला आणि चौथ्यांदा दोन पानांत बसवला. सोबत दोन शाळांमधलं अंतर, पायवाटेने आणि रस्त्याने, वेगवेगळं दिलं.

मयेकरांचं उत्तर लगेच आलं. प्रस्ताव एप्रिलच्या बैठकीत ठेवला जाईल. खाली आणखी एक परिच्छेद होता. ऑक्टोबरमध्ये रत्नागिरीला जिल्हा स्पर्धेच्या वेळी ते स्वतः निरीक्षक म्हणून येणार होते. अंतिम सामन्यानंतर मैदान मोकळं असेल. मंडळाच्या नियमांप्रमाणे आयोजकांना एक प्रदर्शनीय सामना ठेवता येतो. त्याचा निकाल कुठे धरला जाणार नाही. मुली येतील का?

करुणाने ते सड्यावर वाचून दाखवलं.

"निकाल धरणार नाहीत म्हणजे जिंकलो तरी पुढे नाही?" आरोहीने विचारलं.

"नाही."

सानवीने पायातल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. "पण खेळायला मिळेल ना?" ती म्हणाली. "मग जाऊया की."

अंतिम सामन्याच्या दिवशी दोन्ही गावांतून तीन गाड्या भरून माणसं रत्नागिरीच्या स्टेडियमवर आली. पहिलाच घोळ कपड्यांचा झाला. भडेखोलच्या मुली निळ्या टी-शर्टात, कोंडतळीच्या पिवळ्या. पंच म्हणाले, एका संघाचा एकच रंग हवा. नुकत्याच जिल्हा विजेत्या ठरलेल्या, शहरातल्या मोठ्या शाळेच्या मुली तिथेच पाणी पीत बसल्या होत्या. सामना त्यांच्याशीच होता. त्यांच्या कॅप्टनने बॅगेतून जादा टी-शर्टांचा गठ्ठा काढला आणि सानवीच्या हातात दिला. "आमचेच घाला," ती म्हणाली. "आम्ही दुसरे घालतो."

आणि मग सामना झाला.

सुरुवातीला आपल्या मुली बिचकल्या. पाटीवर बसलेल्या मुली खो मिळाला तरी क्षणभर उशिरा उठत होत्या. एवढ्या माणसांसमोर त्या कधी खेळल्याच नव्हत्या. पहिल्या डावात त्या तीन गड्यांनी मागे पडल्या. मधल्या वेळेत करुणा काही बोलायच्या आत राजारामसर उकिडवे बसले आणि म्हणाले, "सड्यावर मातीखाली कातळ लागतो. इथे सगळी मऊ माती आहे. पडा की बिनधास्त."

दुसऱ्या डावात त्या पडल्या. सानवीने दोनदा अंग झोकून गडी बाद केला. दुसऱ्यांदा उठली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत लाल झाली होती. आरोही तर साडेतीन मिनिटं कोणाच्या हाती लागली नाही. शहरातल्या मुलींचे पालकसुद्धा तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. शेवटची शिट्टी झाली तेव्हा दोन्हीकडचे गुण सारखे होते.

पंचांनी हात झटकले. प्रदर्शनीय सामना, बरोबरीत संपला. पण मुली काही मैदान सोडेनात. दोन्ही कॅप्टन आपसात बोलल्या आणि सरळ मयेकरांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, जादा डाव द्या ना."

मयेकर हे बारीक चणीचे, शर्टाची वरची गुंडीही लावणारे गृहस्थ. त्यांनी समोरचं नियमांचं पुस्तक उघडलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग पुस्तक मिटलं.

"प्रदर्शनीय सामन्याला जादा डावाचा नियम नाही," ते म्हणाले. मुलींचे चेहरे उतरले. "पण देऊ नये, असाही नियम नाही. चला, जागा घ्या."

जादा डावात आपल्या मुली एका गड्याने हरल्या. हरल्या आणि तिथेच मातीत बसून रडल्या, आणि ज्यांनी हरवलं त्या मुली त्यांच्या शेजारी बसून त्यांना बाटलीतलं पाणी पाजत राहिल्या. राजारामसर खांबापाशी उभे होते. करुणा जवळ गेली तर त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

मयेकर वहीत काहीतरी लिहीत होते.

"निकाल धरणार नव्हतात ना?" सरांनी विचारलं.

"निकालपत्रात जाणार नाही," मयेकर म्हणाले. "प्रस्तावाला जोडायला लागेल."

एप्रिलमध्ये करुणा पुण्याला गेली. लांबलचक टेबलाभोवती चौदा माणसं होती. एका सदस्यांनी हरकत घेतली : दार एकदा उघडलं की मोठ्या शाळा पुन्हा मुली गोळा करतील. करुणाला मयेकरांचा फोन आठवला. ती म्हणाली, "बरोबर आहे. म्हणून अट घाला. ज्या शाळेत त्या वयोगटात नऊ मुली नसतीलच, तिलाच हे लागू. शेजारची एकच शाळा जोडायची. दोन्ही हेडमास्तरांच्या सह्या. आणि नऊ भरल्या त्या वर्षी सवलत बंद." हरकत घेणाऱ्या सदस्यांनीच शेवटची अट आपल्या हाताने लिहून घेतली. नियम मंजूर झाला, एक वर्षासाठी, प्रायोगिक म्हणून.

तिने बाहेर येऊन सरांना फोन लावला. पलीकडून लगेच प्रश्न आला.

"नाव आधी कोणाचं लागणार?"

"काय?"

"संघाला दोन नावं. आधी कोणाचं?"

यावरून दोन्ही गावांत पंधरा दिवस कुरबुर चालली. माती कोणी टाकली, ट्रॅक्टर कोणाचा, इथपर्यंत गोष्टी गेल्या. अखेर मयेकरांनीच कळवलं की नावं अकारविल्हे लागतील. क आधी, भ नंतर. सर मेमध्ये निवृत्त झाले, आणि निरोपसमारंभात त्यांनी एवढी एकच गोष्ट तीनदा सांगितली.

नव्या वर्षी कोंडतळी-भडेखोल संघ तालुका जिंकून जिल्ह्याला गेला. सानवीसह दोघी दहावी होऊन गेल्या होत्या; आठवीत नवीन आलेली मैना धरून टीम दहाजणींची झाली होती. उपांत्य फेरीत त्या हरल्या. राज्य अजून लांबच होतं.

त्या सामन्याला सानवी आली होती. ती आता रत्नागिरीत अकरावीला होती; कॉलेज सुटल्यावर दप्तर पाठीला तसंच अडकवून धावत स्टेडियमवर पोचली. जो नियम तिच्या खेळातून आला, त्या नियमाने तिला स्वतःला एकही सामना मिळाला नव्हता. करुणाला तिच्याकडे बघवत नव्हतं. सामना संपल्यावर ती सानवीच्या शेजारी जाऊन बसली.

"वाईट वाटलं का गं?"

"वाटलं ना," सानवी म्हणाली. "बाई, ती मैना खो मिळाल्यावर आधी मागे बघते आणि मग उठते. तिथेच तीन गडी सुटले. तुम्ही सांगितलं नाहीत तिला?"

"दहा वेळा सांगितलं."

"सांगून नाही कळत ते." सानवीने दप्तर करुणाच्या मांडीवर ठेवलं, चपला काढल्या आणि रिकाम्या होत आलेल्या मैदानाकडे चालत जात तिने मैनाला हाक मारली.