बूच बसवलेला बॉयलर

मी एक जुना बॉयलर आहे, मित्रांनो. बिडाचा, माणसाच्या खांद्याएवढा, आणि आता कायमचा थंड पडलेला. न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावी एका घराच्या बेसमेंटमध्ये मी छत्तीस हिवाळे काढले. गॅसच्या ज्योतीवर मी पाणी तापवायचं, शेजारच्या पंपाने ते नळ्यांतून घरभर फिरवायचं आणि खोल्या ऊबदार ठेवायच्या, एवढंच आमचं काम.

पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्यात मला ओतलं. माझे पहिले मालक शाळेत शिक्षक होते. दर सप्टेंबरात ते जाणत्या मेकॅनिकला बोलवायचे. तो माझी काजळी झाडायचा, पंपाला तेल द्यायचा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायचा. माझ्या पोटात दाब फार वाढला, की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडून पाणी बाहेर सोडतो. "हा अजून खूप वर्षं चालेल," असं मेकॅनिक म्हणाला, की मला धन्य वाटायचं.

२००३ साली मास्तरांनी घर विकलं आणि राजीव, कांचन आणि त्यांची छोटी वल्लरी राहायला आली. राजीव मूळचा नागपूरचा, शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी मात्र सॉफ्टवेअरची. पहिल्या थंडीत माझ्या अंगावर थाप मारून तो म्हणाला, "काय सॉलिड मशीन आहे यार!" मी खूश झालो. पण सप्टेंबर आला नि गेला. मेकॅनिक काही आला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून पाणी ठिबकू लागलं. आत दाब वाढत होता, आणि सांगायला माझ्याकडे तेवढी एकच वाट होती.

"अरे, कार्पेट भिजतंय. कोणाला तरी बोलव ना," कांचन म्हणाली.

"मी मेकॅनिकलचा आहे गं. एवढ्यासाठी टेक्निशियन कशाला? वीकेंडला फिक्स करतो."

शनिवारी त्याने एक पितळी बूच आणलं आणि पान्याने त्या नळीच्या तोंडावर घट्ट आवळलं. ठिबकणं थांबलं. "झालं काम," एवढंच त्याने कांचनला सांगितलं. काय केलं, ते सांगितलं नाही. मित्रांनो, त्या दिवसापासून मी धास्तावून जळत होतो.

जानेवारीतली ती दुपार. बाहेर बर्फ साचलेलं, शाळेला सुट्टी. अचानक पंप बंद पडला. गरम पाणी माझ्याच पोटात अडकलं आणि वरच्या खोल्या गारठू लागल्या. कांचनला वाटलं हीट कमी पडतेय, म्हणून तिने थर्मोस्टॅट वाढवला. मला वरून हुकूम आला, आणखी तापव! पाणी जास्त तापलं की ज्योत विझवणारा माझा स्विचही इतक्या वर्षांत चिकटून बसला होता. वर घर थंड, खाली मी उकळतोय! तिने पुन्हा थर्मोस्टॅट वाढवला. माझं अंग धडधडू लागलं, नळ्या ठणठण वाजू लागल्या.

"आई, समबडी इज नॉकिंग डाउनस्टेअर्स," वल्लरी म्हणाली.

कांचनने बेसमेंटचं दार उघडलं. करपल्याचा वास आणि तो आवाज तिच्या अंगावर आला. जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच तिने राजीवला फोन लावला.

"मीटिंगमध्ये आहे. नंतर करू?"

"राजीव, बॉयलर कसातरी आवाज करतोय. घर गार पडलंय. खाली जाऊन बघू का?"

त्याचा आवाज इतका खाली गेला, की मला शब्द ऐकू येईनात. कांचनने जिन्याचा कठडा गच्च धरला.

"काय? सेफ्टी व्हॉल्व्हला बूच? तू बसवलंस?" ती कुजबुजली. मग म्हणाली, "हो, लाल स्विच दिसतोय. दाराशीच आहे."

तिने तो खटकन बंद केला. माझी ज्योत विझली. पण दाब लगेच उतरत नसतो. वल्लरीला उचलून, कोट न घालता, ती बर्फातून समोरच्या मालिनीमावशींकडे धावली. मी एकटाच उरलो. माझ्या बिडाला एका बाजूने तडा जात होता आणि मी जीव खाऊन तो तडा आवळून धरून होतो.

फायर ब्रिगेड आली. त्यांनी बाहेरूनच गॅस तोडला आणि मी निवेपर्यंत कुणालाच आत जाऊ दिलं नाही. मी फुटलो नाही. पण तडा गेलेला बॉयलर पुन्हा पेटवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी टेक्निशियनने बूच काढून राजीवच्या हातावर ठेवलं. टेक्निशियन गेल्यावर कांचन शांतपणे म्हणाली, "वल्लरीचा बर्थडे आपण इथेच केला होता. चौदा मुलं होती. तेव्हा हे लावलेलं होतं?"

राजीवने मान खाली घातली. "होतं."

मला तो दिवस आठवत होता. मुलं लपाछपी खेळली होती, आणि एक चिमुरडी माझ्या पाठीला पाठ लावून, तोंडावर हात दाबून हसत लपली होती.

मित्रांनो, आम्ही यंत्रं कुरकुरतो, ठिबकतो, ते उगाच नाही. आम्हाला गप्प करू नका, काय दुखतंय ते विचारा. आणि तुम्हाला कळलं नाही, तर ज्याला कळतं त्याला बोलवा. "मला येत नाही" म्हणायला लाज वाटली, म्हणून कुणाचं मूल धोक्यात पडू देऊ नका.