दुमडलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. कागद पोटात घ्यायचा, त्याच्यावर उजेड पाडून चित्र काढायचं आणि ते चित्र कॉम्प्युटरच्या हवाली करायचं, एवढंच माझं काम. आता माझ्या झाकणाची एक बिजागरी मोडली आहे आणि अंगावर बोटभर धूळ साचली आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला बोलायचं आहे ते माझ्या हातून घडलेल्या एका अपराधाबद्दल. तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा मला पेन्सिलीने लिहिलेला एक फिकट कागद दिला होता. माझी भावंडं अडखळली. मी मात्र शब्द न् शब्द टिपला, आणि कागदाच्या दोन्ही बाजू एका दमात! तपासणाऱ्या माणसाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा पक्का आहे, याच्या नजरेतून काही सुटायचं नाही." तेव्हा माझी छाती कशी फुगली होती म्हणून सांगू! आज तेच वाक्य आठवलं की शरम वाटते.

तिथून मी एका दवाखान्यात आलो. बाहेर रुग्णांसाठी बाकं, आत डॉक्टरबाईंचं टेबल आणि दोन्हींच्या मध्ये एक हिरवा पडदा. पडद्याला लागून कंपाउंडरकाकांचं टेबल होतं, त्यावर माझी जागा. मागे लोखंडी कपाट होतं आणि त्यात तीस वर्षांचे केसपेपर होते. सरकारने ठरवलं होतं की साऱ्या देशातल्या रुग्णांच्या नोंदी एकाच ठिकाणी ठेवायच्या. माणूस कुठल्याही गावी आजारी पडो, त्याचा नंबर टाकला की सगळी माहिती समोर. कपाटातले ते कागद तिथे पोचवायला मला आणलं होतं.

ही सोय खोटी नव्हती. एक आजोबा परगावी चक्कर येऊन पडले, तेव्हा त्यांना कुठलं औषध चालत नाही हे तिथल्या डॉक्टरांना लगेच कळलं. त्यांच्या सूनबाई पेढे वाटावेत अशा आनंदाने दवाखान्यात येऊन सांगून गेल्या. काकांनी माझ्या झाकणावरून फडकं फिरवलं आणि म्हणाले, "शाबास रे पठ्ठ्या!"

लोकांची परवानगी घेतली होती का? घेतली होती, म्हणजे सही घेतली होती. काका रजिस्टर पुढे करायचे, "इथे सही करा, तुमच्याच सोयीचं आहे." लोकांना औषधाची घाई. कोणी वाचलं नाही, आणि काकांनीही वाचून दाखवलं नाही.

आता या दवाखान्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. ताप, खोकला, रक्तदाब, औषधं हे सगळं डॉक्टरबाई केसपेपरच्या पुढच्या बाजूला पेनाने लिहायच्या. पण कोणी रडत रडत मनातलं काही सांगितलं, तर ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहायच्या आणि खालचा कोपरा आत दुमडून ठेवायच्या. ती खूण त्यांच्यापुरती. कोपरा दुमडलेला दिसला की कागद उलटून वाचायचा आणि त्या माणसाशी जरा सांभाळून बोलायचं. काकांनी तीस वर्षांत एकही कागद उलटून पाहिला नव्हता. "पाठ बाईंची," असं ते म्हणायचे. एवढा सरळ माणूस!

आणि त्या सरळपणानेच घात केला. मागे काय लिहिलं आहे हे काकांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळे ते जायला नको हेही त्यांना सुचलं नाही. मी एका दमात दोन्ही बाजू टिपतो याची डॉक्टरबाईंना कल्पना नव्हती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मागच्या बाजूचं चित्र उमटलं की काका सवयीने नजर वळवायचे आणि पुढचं बटण दाबायचे. दोघांच्या भल्या सवयींमधून सहा हजार कागद गेले. मला मात्र सगळं दिसत होतं. मी तोंडातून ब्र काढला नाही. उलट फिकट पेन्सिल गडद करून दिली, कारण तसं केलं की शाबासकी मिळते.

एक कागद तेवढा अडकला होता. बालवाडीच्या एक बाई होत्या, त्यांचा. दुमडलेला कोपरा माझ्या घशात आडवा आला. मी घरघरलो, लाल दिवा लावला. काकांनी कागद अलगद ओढून काढला, कोपरा सरळ केला, पण पंधरा वर्षांची घडी ती, पुन्हा पुन्हा मान टाकायची. शेवटी त्यांनी तो होता तसाच अंगठ्याने चपटा दाबला आणि कागद परत आत सारला. मित्रांनो, मी तेव्हा हट्ट धरायला हवा होता. मी निमूट गिळला.

सहा महिन्यांनी त्या बालवाडीच्या बाई हाताला प्लास्टर घालून दवाखान्यात आल्या. एरवी कशा हसत यायच्या! चार-पाच पोरं कायम पदराला लटकलेली असावीत असा त्यांचा चेहरा. त्या दिवशी पडद्याआड बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मी पडद्याला लागूनच होतो, मला सगळं ऐकू आलं.

हात मोडला म्हणून त्या मोठ्या इस्पितळात गेल्या होत्या. तिथे नोंदणीच्या खिडकीत त्यांची थोरली जाऊ बसते. तिने नंबर टाकला आणि हाताच्या हाडाशी काडीचा संबंध नसलेलं पानही उघडलं. तिच्या जिभेला हाड नाही. घरी सगळे जेवायला जमले असताना ती बाईंच्या लेकीला म्हणाली, "तुझी आई दुसऱ्यांची पोरं खेळवते गं, पण तुला काही हातात घेत नव्हती. मी स्वतः वाचलंय."

"आठ दिवस झाले, पोर माझ्याशी बोलत नाही," बाई सांगत होत्या. "एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, मी तुला नको होते का? काय सांगू मी तिला? बाळंतपणानंतर डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. तुम्हाला सोडून कोणाला सांगितलं नव्हतं हो मी, नवऱ्यालासुद्धा नाही."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे." पडद्याबाहेर काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, कागद मी घातले." आणि मी? मला कोणी विचारलंही नाही.

डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे सरकारी कचेरीत फोन लावला. उत्तर आलं की नोंद काढता येत नाही, झाकण्यासाठी अर्ज करा. "नाही तर निदान खुलासा जोडून पाठवू का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा बाई दचकल्या. "नको, आता माझं आणखी काही पाठवू नका!" फक्त झाकण्याचा अर्ज तेवढा गेला.

दुसऱ्या दिवशी बाई लेकीला घेऊन आल्या. पंधरा वर्षांची पोर, तोंड फुगवून दारातच उभी. डॉक्टरबाईंनी कपाटातून तो कागद शोधून आणला आणि माझ्या मिटलेल्या झाकणावर ठेवला, पुढची बाजू वर.

"तुझ्या काकूने वाचलं ते यातलंच," त्या म्हणाल्या. "पण कागद तुझ्या आईचा आहे."

पोरीने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"आई, उलटा करू का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कर."

मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, "बाळाला हातात घेत नाही. दुसऱ्या कोणाकडे द्या म्हणते." काकूने वाचलं ते एवढंच, कारण मी पोचवलं ते एवढंच. पोरीचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिला तो कोपरा दिसला.

"आणि हे?"

"तेही उघड," बाई हळूच म्हणाल्या.

तिने नखाने घडी उकलली. आत बारीक अक्षरात शेवटच्या ओळी होत्या. "भीती वाटते, आपल्या हातून तिला काही होईल. दिवसभर दाराआड उभी राहून तिलाच बघत असते."

पोरीने ते दोनदा वाचलं. मग आईशेजारी बसून तिचा प्लास्टरमधला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. काका उगाचच बाटल्यांची झाकणं घट्ट करत होते.

त्या दिवसापासून माझं मागच्या बाजूचं बटण बंद झालं आणि काका सही घेण्याआधी पूर्ण मजकूर वाचून दाखवू लागले. लोक कंटाळायचे, पण ऐकायचे. दोन-तीन जणांनी तर नाही म्हणून सांगितलं.

मित्रांनो, त्या कागदावर त्या पोरीच्याच जन्माची गोष्ट होती, तरी तिने उलटण्याआधी विचारलं, आणि एकदा नाही, दोनदा. मी सहा हजार कागद उलटेपालटे केले आणि एकदाही विचारलं नाही. कोणाचं काही तुमच्या हाती आलं, वही, चिठ्ठी, फोन, काहीही, तर एवढंच विचारा, उलटू का? नाही म्हणाले तर खाली ठेवा. माझ्यासारखे हुशार होऊ नका.

त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. देशातल्या कुठल्याही खिडकीत बाईंचा नंबर टाकला की ते पान अजून उघडतं. तिथे तो कोपरा दुमडलेलाच आहे.