डावीकडची नळी

माझी मुलगी उषा, तिचं सहा महिन्यांचं बाळ आणि जावई विश्वासराव सकाळी सहाला मोटारीनं भोपाळला निघाले, आणि साडेसातला मला कळलं, की त्यांच्या बुडाखाली मी आग बांधून दिली आहे.

आधी मोटारीचं सांगतो. संस्थान गेलं, जहागिऱ्या गेल्या, तशा सरदारांच्या जुन्या मोटारीही एकेक करून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारात आल्या. त्यातली ही एक, अठ्ठावीस सालची. विश्वासराव सचिवालयात कारकून. छप्पन्न सालच्या एक नोव्हेंबरला मध्य भारत राज्य संपून मध्य प्रदेशात मिसळणार, ग्वाल्हेरची कचेरी भोपाळला जाणार, म्हणून त्यांना तिकडे हलायचं होतं. ते बिचारे आगगाडीनं जाऊ म्हणत होते. मीच मिशीवर ताव देत म्हणालो, "सासरा मोटारमिस्त्री असताना आगगाडी कशाला?"

त्या मोटारीत इंजिन स्वतःच्या ओढीनं पेट्रोल वर खेचायचं, आणि चढ लागला की धाप लागून बंद पडायचं. मी ती जुनी भानगड काढून टाकली. बॅटरीवर चालणारा पंप बसवला आणि मागच्या टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत नवी तांब्याची नळी टाकायचं ठरवलं. नळी डावीकडूनच न्यायची, कारण उजवीकडून सायलेन्सरचा पाइप जातो आणि तो तव्यासारखा तापतो. हे मी तीस वर्षं जगाला शिकवत आलोय.

पण ऐन वेळी माझी कंबर धरली. म्हणून गाडीखाली जगदेवराव शिरला. संस्थानच्या मोटारखान्यात आम्ही बरोबरीनं राबलो, आता खासगी बाजार नावाच्या पेठेमागे आमची दोघांची शेड आहे. माणूस कामाला सोन्यासारखा, पण त्याचं मराठी अर्धं हिंदी. त्यावरून मी त्याची नेहमी टर उडवतो. काम झाल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवून पाहिलं, एकदाही अडखळलं नाही. मी उभ्या उभ्याच शाबासकी दिली. खाली वाकून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

सकाळी मुलांना निरोप देऊन शेडमध्ये चहा घेत बसलो, तर जगदेवच्या हातावर हा मोठा फोड.

"काय रे हे?"

"चटका बसला. कल नळी कसताना सायलेन्सर गरम होता ना."

"सायलेन्सर उजवीकडे. तुझा हात तिकडे कशाला गेला?"

"नळी तिकडूनच तर नेली!"

मी बशी खाली आदळली. मी ओरडलो, "मी डावी म्हणालो होतो!"

"अरे, मी नीचेसे पूछलं ना तुला, दायीं? तू बोलला, हो हो, दायीं. मग मी दायींकडून नेली."

त्यानं विचारलं होतं. मला आठवलं. बाहेर कुणीतरी पत्रा ठोकत होतं, खालून आवाज आला, मी 'डावी' ऐकलं आणि हो म्हणालो. त्याच्या हिंदीत दायीं म्हणजे उजवी, एवढं मला कळत नव्हतं असं नाही. मी कान दिला नव्हता.

मोती महालातल्या सचिवालयातून दफ्तरांचे ट्रक रोज भोपाळला सुटत होते. धरलेल्या कंबरेनिशी मी तिथवर कसा पोचलो, ते मलाच ठाऊक. ड्रायव्हरच्या हातापाया पडून पुढे बसलो, मांडीवर हत्यारांची पिशवी. मागे राज्याच्या कागदांचे गठ्ठे हिंदकळत होते आणि मला एकच चित्र दिसत होतं. नळीचा एक सांधा कथलाचा डाख देऊन जोडलेला होता, नेमका पुढच्या सीटखाली. तापून डाख सुटला की पेट्रोल सायलेन्सरवर. आणि वर सीटवर उषा, तिच्या मांडीवर बाळ.

मोहना गावाच्या पुढे रस्त्यावर काळा धूर दिसला. मी ड्रायव्हरचा दंड आवळला. जवळ गेलो तर मजूर डांबर उकळत होते.

तिथून दोन मैलांवर मोटार उभी होती. उषा दूर झाडाखाली वळकटीवर बाळाला पाजत बसली होती. विश्वासराव हँडल मारायच्या बेतात होते.

"तिसऱ्यांदा बंद पडली, मामा. थंड झाली की चालते."

"हात काढा आधी!" मी इतक्या जोरात खेकसलो, की बाळ रडायला लागलं.

कंबरेला न जुमानता खाली आडवा झालो. सांध्यातून पेट्रोल ठिबकत होतं. सायलेन्सर तिथून चार बोटांवर. त्याच्या धगीनं नळीतलं पेट्रोल उकळायचं, म्हणून गाडी बंद पडत होती.

"जगदेवरावांचा घोटाळा दिसतोय," विश्वासराव म्हणाले. मान डोलावली असती तर भागलं असतं, आणि खरं सांगतो, डोलवावीशी वाटलीही. पण उषा जवळ येऊन उभी होती. तिच्याकडे न बघता मी म्हणालो, "जगदेवनं विचारलं होतं. मी न ऐकता हो म्हणालो. चूक माझी."

नळी सोडवून डावीकडे न्यायला अडीच तास लागले. सांधा कापून तिथे रबरी नळी चढवली आणि पट्ट्यांनी आवळली. विश्वासराव मदतीला होते. त्यांना म्हटलं, बाजू तोंडानं सांगू नका, चाकाला हात लावून दाखवा.

मग अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. नळीवरून तळहात फिरवला. गार होती, सांधा कोरडा होता. तरी माझ्या तोंडून 'बसा' निघेना. शेवटी मी म्हणालो, "विश्वासराव, तुम्ही मोटार न्या. हिला आणि बाळाला मी बसनं..."

तेवढ्यात उषानं वळकटी मागे टाकली, बाळाला उचललं आणि पुढच्या सीटवर, त्याच जागी, जाऊन बसली. नळी आता कुठून गेली, सांधा पक्का आहे का, काही विचारलं नाही. "आबा, उन्हात उभे राहू नका," एवढंच म्हणाली.

तिनं विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मोटार वळणाआड गेली आणि मी रस्त्याच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडलो.