गोड कॉफी प्यायलेला सॅक्सोफोन

मी एक जुना सॅक्सोफोन आहे. मित्रांनो, मला वाजवणारे लोक फार थोर असतात असं वाटत असेल, तर ते आधी मनातून काढून टाका. त्यांची फुंकर मी पोटात घेतली आहे, मला विचारा.

कारागिराने पितळेचा पत्रा ठोकून मला घडवलं, एकेक चावी जपून बसवली. आणि मी पडलो कुणाच्या हाती? एका आळशाच्या! तो जॅझ वाजवायचा आणि स्वतःला कलावंत म्हणवायचा. वाजवण्याआधी गोडमिट्ट कॉफी ढोसायचा आणि तेच चिकट तोंड मला लावायचा. झालं की न पुसताच पेटीत कोंबायचा.

त्याची धाकटी बहीण साथीला पियानो वाजवायची. ती म्हणायची, "दादा, पूस रे त्याला. चाव्या चिकटतील."

"आतल्या ओलीनंच आवाज पिकतो. तुला नाही कळायचं," हा दीडशहाणा म्हणायचा.

एका हॉटेलात दोघांनाही कायमची नोकरी मिळणार होती. त्यासाठी मॅनेजरसमोर वाजवायचं होतं. ऐन रंगात माझी चावी चिकटली आणि भलताच सूर बाहेर पडला. आता या जॅझवाल्यांची खोड ऐका. चूक झाली की डोळे मिटून तीच पुन्हा वाजवायची, म्हणजे ती मुद्दाम केलेली वाटते. यानेही तेच केलं. बहिणीने झटकन पियानोवरचे साथीचे सूर बदलून त्याची चूक झाकली.

"वा, काय धाडस!" मॅनेजर म्हणाला. "तुम्ही उद्यापासून या. पियानोला आमचा माणूस आहे."

बहिणीने भावाकडे पाहिलं. ती नसेल तर मीही नाही, एवढं तरी म्हणावं की नाही? छे! मान डोलावून मोकळा झाला. मला त्याची किळस आली.

दुसऱ्या दिवशी चावी पुन्हा चिकटली. याने पुन्हा डोळे मिटले. हॉटेलचा पियानोवाला आपला कागदावरचं वाजवत राहिला. स्वारीची भर हॉटेलात शोभा झाली, नोकरी गेली, आणि खापर फुटलं माझ्यावर!

पुढे बहिणीने स्वतःचा बँड काढला. हा निर्लज्ज तिथेही गेला. ती म्हणाली, "ये ना दादा. फक्त आधी तुझा सॅक्सोफोन स्वच्छ करून आण."

"मी कलावंत आहे, मोलकरीण नाही," म्हणून तो फणकाऱ्याने परत आला.

मित्रांनो, ज्या वाद्यावर पोट भरता, ते पुसायला लाजू नका. याला नुसतं एक फडकं घ्यायचं होतं. बहीण अजून त्याची खुर्ची रिकामी ठेवून वाजवते. आणि हा मला कपाटावर टाकून लोकांना सांगत फिरतो, की जॅझ आता मेला.