डुकरनाकीला कुठली वॉरंटी!

मी डुकरनाकी बोलतेय. नाव ऐकून नाक मुरडू नका. नाक माझं आहे, मुरडायचं असेल तर मी मुरडीन.

मी एक पिन आहे. लिंबाएवढी. कधीकाळी पांढरी होते, आता जुन्या दातासारखी पिवळी पडलेय. एका बाजूला दोन गोल दांड्या, दुसऱ्या बाजूला दोन भोकं. परदेशातून आलेल्या वस्तूंच्या पिना चपट्या असतात, त्या आमच्या भिंतीत जात नाहीत. त्या माझ्या भोकांत घालायच्या आणि मला भिंतीत खुपसायचं, एवढंच माझं काम. ती भोकं डुकराच्या नाकासारखी दिसतात म्हणून सगळा कोरिया मला डुकरनाकी म्हणतो. कुणी लाडानं म्हणत नाही आणि कुणी रागानंही म्हणत नाही. सवय झालीय.

समुद्राकाठच्या तोंगयोंग गावच्या बाजारात तारा आणि बल्ब विकणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडे टोपलीत आम्ही पन्नासएक बहिणी पडलेल्या असायचो. मला तिथून उचललं प्यो दोकमान यानं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, सिटी बस चालवायचा, आणि लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. नव्या बायकोपुढे आपल्याला विजेतलं फार कळतं असं दाखवायची त्याला हौस होती.

घरात त्याच्या आईचा एक विजेचा कुकर होता, भात शिजवायचा. बोटीवर कामाला असलेल्या शेजाऱ्याकडून तिनं तो जपानहून मागवलेला. आळीतल्या बायका उगाच पाणी प्यायला यायच्या आणि कुकर बघून जायच्या. त्याच वर्षी सरकारनं घरातली वीज बदलली. भिंतीतली चपटी भोकं जाऊन गोल आली, आणि आतल्या विजेचा जोर दुप्पट झाला. भोकं बदलली ते दोकमानला दिसलं. जोर दिसत नाही, त्याला काय करणार?

"आई, बघ आता," असं म्हणून त्यानं मला भिंतीत खुपसलं.

खोटं का बोलू? मी फक्त पिनेचं तोंड बदलते. विजेचा जोर कमी करणं माझ्या बापालाही जमत नाही. फट्‌ झालं, धूर आला, आणि कुकर गेला. भाताचे तांदूळ आत तसेच. दोकमान पांढराफटक पडून उभा. परदेशी वस्तू, कागद नाही, पत्ता नाही. "आता विचारायचं कुणाला," तो पुटपुटला, "समुद्राला?"

त्याची आई पाठ फिरवून मोरीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. दोकमाननं ते खांदे पाहिले, मीही पाहिले.

त्यानं मला उपसलं आणि स्वयंपाकघरातल्या खणात फेकलं. रबरबँड, मोडक्या चॉपस्टिक, कुठल्या कुलपाच्या कुणास ठाऊक किल्ल्या. पस्तीस वर्षं मी त्या खणात पडून होते. म्हातारी वारली, मुलगी ह्येरान मोठी होऊन सासरी गेली, दोकमान निवृत्त झाला. आणि त्या घरात परदेशी वस्तू म्हणून साधी सुईसुद्धा आली नाही.

मग गेल्या वर्षी त्याच्या हातात मोकळा वेळ आला. मोकळा वेळ आणि फोन ही दोन एकत्र आली की पुरुषमाणसाचं काही खरं नसतं. अमेरिकेत नोव्हेंबरात वस्तू स्वस्त होतात हे त्याला कुणीतरी सांगितलं. तो तीन आठवडे भाव बघत बसला. जेवताना बघायचा, संडासात बघायचा. शेवटी एक लॅपटॉप त्यानं जवळजवळ अर्ध्या किमतीत मागवला, बायकोसाठी.

त्याची बायको मालसून. बाजारात तिचं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. किमची म्हणजे आमचं कोबीचं तिखट लोणचं, सोया सॉसमधले काळे वाटाणे, तिखटातली सुकी मासळी. ती बापाची चौथी मुलगी नि घरात पैसा नाही, म्हणून प्राथमिक शाळेनंतर तिच्या बापानं तिला घरी बसवलेली. आता साठीला टेकल्यावर ती मोठ्या बायकांच्या शाळेत जाते. बाईंनी वर्गाला सांगितलं होतं, प्रत्येकीनं आपल्या आयुष्यातलं एक पान स्वतः टाइप करून द्यायचं, त्याचं पुस्तक निघणार. मालसूनला त्या पुस्तकात आपलं पान हवं होतं. तिनं आयुष्यात हट्ट असा हाच एक केला.

लॅपटॉप आला, चपट्या पिनेचा. दोकमाननं खण उघडला, मला बाहेर काढलं आणि बराच वेळ बघत राहिला. लॅपटॉपच्या चार्जरवर दोन्ही जोरांची वीज चालते असं लिहिलेलं होतं. ते त्यानं चष्मा लावून वाचलं, भिंग लावून वाचलं, मुलीला फोटो पाठवून वाचून घेतलं. मग मला भिंतीत घालून तो दोन पावलं मागे सरला. काही झालं नाही. दिवा लागला.

पण त्याच्या जिवाला घोर लागला तो वॉरंटीचा. अमेरिकेत घेतलेली वस्तू इथं बिघडली तर कंपनी बघेल का? फुकट बघेल का? हसून घालवून देईल का? त्यानं नंबर घालून कंपनीच्या पानावर नोंद केली, पावती छापून प्लास्टिकमध्ये घातली. खोकं, आतला थर्मोकोल, तार बांधायची चिमटीएवढी पट्टी, सगळं कपाटात. त्यासाठी हिवाळ्याची रजई बाहेर आली आणि वर्षभर खुर्चीवर बसली. पडद्यावरचं पातळ प्लास्टिक काढायचं नाही. त्यात मधोमध हवेचा एक फुगा होता, तो हलवायचाही नाही.

"अगं ह्येरानच्या आई, हात!"

"हाताला काय झालं?"

"लसूण! आत गेला तर कंपनी म्हणेल, तुम्ही वापरलात."

"मग काय, हार घालून पुजायला आणलाय?"

अर्धं वर्ष ह्यातच गेलं. मग किमची कालवताना घालतात ते पातळ प्लास्टिकचे हातमोजे घालून तिनं टाइप करायला सुरुवात केली. एक बोट दाबलं की मोजा दुसरं बटण दाबायचा. त्यात अमेरिकेच्या बटणांवर आमची अक्षरंच नाहीत. अक्षरांचे स्टिकर मिळतात, पण दोकमान म्हणाला, काही चिकटवलं की वॉरंटी गेलीच समज.

मालसूननं आठवडाभर सोसलं. मग एका दुपारी तिनं दुकानातल्या डब्यांना लावायच्या चिठ्ठ्यांचे नखाएवढे तुकडे कापले, प्रत्येकावर पेनानं एकेक अक्षर काढलं आणि सगळ्या बटणांवर चिकटवलं. हातमोजे कचऱ्यात. दोकमान आला, बघितलं, मटकन खाली बसला.

"गेली," तो म्हणाला.

"कोण?"

"वॉरंटी."

"तिचं जेवण वाचलं," मालसून म्हणाली आणि टाइप करत राहिली.

पाच महिने ती रोज बसली. दुकान बंद करून यायची, पाय गरम पाण्यात सोडायची आणि एकेक अक्षर शोधायची. एक ओळ लिहायची, अर्धी पुसायची. पान मात्र दोकमानला दाखवायची नाही. तो डोकावला की झाकण बंद. ते बंद होताना दोकमानच्याच काळजात आवाज व्हायचा.

आता माझा अपराध सांगते. म्हातारपण मलाही आलंय. आतले पत्रे सैल झाले होते. कधी लागायचे, कधी नाही. लॅपटॉपच्या पोटातली वीज हळूहळू संपत होती आणि मला ते कळत होतं. पण तोंड नाही, नाकच आहे. बोलणार कशी?

शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पान पाठवायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी तीन ओळी उरलेल्या असताना पडदा काळा झाला. मालसूननं दाबलं, थोपटलं, शिव्या दिल्या. काही नाही. दोकमान मागे उभा होता. त्यानं आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा तोच, सव्वीस वर्षांचा.

शुक्रवारी सकाळी बायको दुकानात गेल्यावर त्यानं काय करावं? केस वाळवायचं यंत्र काढलं, गरम हवा सोडून तिची सगळी अक्षरं सोलून काढली, बटणं कापसानं पुसली. लॅपटॉप रजईत गुंडाळला, पावती छातीच्या खिशात, मी विजारीच्या. बसनं चांगवोन शहरात गेलो. वाटभर तो नव्या ड्रायव्हरचे ब्रेक मोजत होता. तेवढाच विरंगुळा.

दुरुस्तीच्या दुकानात गल्ल्यामागे एक मुलगी होती. तिनं काही विचारायच्या आत हा म्हणाला, "आम्ही काहीही चिकटवलेलं नाही."

मुलीनं बटणांवरून बोट फिरवलं. एका कोपऱ्यात चिठ्ठीचा एक तुकडा राहिला होता. तिनं तो नखानं काढून बघितला.

"काका, ह्यावर तिखटाचा वास येतोय."

दोकमानचं तोंड उतरलं. "बायको ऐकत नाही हो."

"अहो, चिकटवलं म्हणून काही होत नाही. हे बघा, मी तर मांजर चिकटवलंय." तिनं आपला लॅपटॉप दाखवला. मग नंबर घालून पाहिलं. "वॉरंटी आहे तुमची. सगळ्या जगात चालते. अजून अकरा दिवस."

दोकमाननं ते दोनदा वदवून घेतलं. तोवर तिनं आपली तार लावली आणि लॅपटॉप टुणकन जागा झाला.

"ह्याला काही झालेलं नाही, काका. चार्ज झाला नव्हता. तुमची तार कुठाय? पिन?"

त्यानं मला गल्ल्यावर ठेवलं. मुलीनं मला कानाशी नेऊन हलवलं. माझ्या पोटात खुळखुळ वाजलं. लाजेनं मेले मी.

"ही? कुठल्या वस्तुसंग्रहालयातून आणलीत?"

"हिची..." दोकमान अडखळला, "हिची वॉरंटी?"

"हिला कुठली वॉरंटी!" ती खळखळून हसली आणि गोल पिनेची नवी तार त्याच्या हातात ठेवली. "ही लावा. ती फेकून द्या."

त्यानं मला फेकलं नाही. परत खिशात घातलं. का, कुणास ठाऊक.

घरी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. मालसून दुकान टाकून आली होती. तिनं झाकण उघडलं. काळी, नागडी बटणं.

"माझी अक्षरं कुठायत?"

दोकमाननं सांगितलं. शेवटी म्हणाला, "पण वॉरंटी आहे! अकरा दिवस!"

"कंपनीपुढे शहाणे ठरलात," ती म्हणाली, "आणि माझी अक्षरं खरवडून टाकलीत. त्या अकरा दिवसांचं लोणचं घालू? माझ्या तीन ओळी राहिल्यात." आवाज चढला नव्हता. मालसूनचा आवाज चढत नाही तेव्हा खणातल्या वस्तूसुद्धा गप्प बसतात.

तो चिठ्ठ्या आणि पेन घेऊन बसला. "सांग, मी लिहितो. कुठलं अक्षर कुठे?"

"मला काय माहीत! बघून थोडीच..." असं म्हणत तिनं रागानं बोटं बटणांवर आपटली. पडद्यावर शब्द उमटला. बरोबर शब्द. ती थांबली. परत बोटं ठेवली, ह्या वेळी हळू. पाच महिन्यांत बोटं वाट शिकली होती, तिलाच कुणी सांगितलं नव्हतं. तीन अक्षरं तेवढी सापडेनात. तेवढी दोकमाननं एकेक बटण दाबून शोधली आणि लिहून चिकटवली, बसच्या पाटीवर लिहितात तशी मोठी, चौकोनी.

सव्वाचारला पान संपलं.

"वाचा," ती म्हणाली. "चुका असतील तर सांगा. मोठ्यानं."

त्यानं चष्मा लावला. पान सासूबाईंवर होतं. माझंही नाव होतं त्यात. 'नवऱ्यानं डुकरनाकी पिन लावली आणि जपानचा कुकर जळला,' इथवर तो धडधड वाचत आला आणि घसा खाकरला. मग पुढचं वाचलं.

'सासूबाई मोरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ह्यांना वाटलं, रडतायत. मी पुढून गेले तर त्या एप्रन तोंडात कोंबून हसत होत्या. मला म्हणाल्या, बरं झालं जळला मेला. त्याच्या भाताला तळाची खरपूस खरवडच येत नव्हती. शेजाऱ्यांपुढे मिरवायचा म्हणून खात होते. आता लोखंडी भांडं काढ. आणि ह्याला सांगू नकोस. जरा घाबरून राहिला तर बस नीट चालवील.'

दोकमाननं चष्मा काढला, पुसला, लावला. परत ती ओळ वाचली. मनातल्या मनात, ओठ हलवत.

"पस्तीस वर्षं," तो म्हणाला. "पस्तीस वर्षं तू गप्प?"

"बस नीट चालवलीत ना?"

तो हसला की काय केलं, मला सांगता येणार नाही. तो मोरीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मालसून पुढून बघायला गेली नाही. तिनं पान पाठवलं. पाचाला दहा कमी होते.

आता मी परत खणात आहे. त्यानं मला स्वतः ठेवलं, फेकलं नाही. रबरबँड बाजूला सारून जागा केली. अकरा दिवस कधीच होऊन गेले. वॉरंटी संपली त्या दिवशी मी खणाच्या फटीतून बघत होते, कुणी रडतंय का. दोकमान लॅपटॉपशेजारी बसून मुळा सोलत होता. मालसून तिखटाच्या हातानं टाइप करत होती. पडद्यावरचं ते प्लास्टिक त्यानं त्याच सकाळी ओढून काढलेलं, फुग्यासकट.

माझं एवढंच मागणं आहे. घरात माझ्यासारखी जुनी पिन असेल तर फेका, ठेवा, तुमची मर्जी. पण भिंतीत खुपसण्याआधी वस्तूवर विजेचा जोर किती लिहिलाय तेवढा वाचा. आणि घरात कुणी पाठ फिरवून उभं असलं तर एकदा पुढून जाऊन बघा. मी पस्तीस वर्षं उगाच मान खाली घालून पडून होते हो.