इंजिन हवेत असताना

तारा गेली हे मला कळलं तेव्हा माझ्या हातात सोळा-सतराचा पाना होता.

त्या दिवशी गुरुवार. एप्रिल महिना. कुवेतला अल-राईमधल्या आमच्या गॅरेजात आमच्या जुन्या गिऱ्हाइकाची, अबू फहादची, गाडी बॉनेट काढून उभी होती. सत्तर सालची अमेरिकन गाडी, दोन दरवाजांची, पुढचं नाक लांब. त्याच्या बापाने घेतलेली. तिचं मूळ इंजिन आम्ही काढलं होतं आणि आताच्या काळातलं, कॉम्प्युटरवर चालणारं इंजिन तिच्यात बसवत होतो. अबू फहादला ती गाडी ऑगस्टच्या उन्हात एसी लावून चालवायची होती. जुनं इंजिन सिग्नलला तापून बंद पडायचं.

नवं इंजिन चेनपुलीला टांगून आम्ही खाली सोडत होतो. ही तिसरी खेप. आधी दोनदा ऑइल चेंबर पुढच्या आडव्या बीमला टेकला होता, म्हणून दुसऱ्या मापाचा चेंबर मागवावा लागला होता. अभिजीत साखळी सोडत होता. तो नाशिकचा, वायरिंग आणि कॉम्प्युटरचं काम त्याच्याकडे. मी इंजिन हाताने वळवत होतो. बाजूच्या पान्यांच्या ट्रॉलीवर माझा फोन वाजला.

स्क्रीनवर सुदेशचं नाव होतं. सुदेश माझा मेहुणा, ताराचा भाऊ. उजवा हात इंजिनावर ठेवून डाव्या हाताने मी फोन कट केला. तो परत वाजला. परत कट केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी म्हणालो, "ह्याला आत्ताच बरं सुचतं," आणि कट केला. मग वाजला नाही.

इंजिन हवेत असताना फोन उचलायचा नाही, हा माझा नियम आहे. आमच्याकडे एक माणूस होता, त्याने एकदा फोन घेतला आणि त्याची तीन बोटं गेली. तेव्हापासून मी गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत आलो. तारालाही सांगितलं होतं. "मी कट केला तर समज, काहीतरी टांगलंय."

इंजिन दोन्ही फाउंडेशनवर बसलं. चेंबर कुठे टेकला नाही. दोन बोल्ट आवळले आणि मी सुदेशला फोन लावला. पंचवीस मिनिटं झाली असतील.

"भावोजी," तो म्हणाला आणि थांबला.

"काय रे? तीन तीन वेळा कित्याक?"

"ताई गेली हो."

"खंय गेली?"

हे मी विचारलं. माझ्या तोंडून तेच आलं.

"सकाळी छातीत कळ इली तिच्या. गाडयेत घालून ओरोसाक इस्पितळात नेत होतंव. कसालच्या पुढे गेलंव आणि..." तो रडायला लागला. मागे बायका रडत होत्या.

मग तो म्हणाला, "तुमी येयसर ठेवू काय तिका?"

मी हिशेब केला. शुक्रवार-शनिवार सुट्टी. इथून बाहेर पडायला परवानगीचा कागद लागतो, तो रविवारशिवाय मिळायचा नाही. सोमवारी घरी पोचलो असतो. आमच्या गावात बर्फ नाही आणि एप्रिलचा उष्मा.

"नको ठेवू," मी म्हणालो. "तूच कर सगळा."

फोन ठेवल्यावर उरलेले दोन बोल्ट मी आवळले. अभिजीत म्हणाला, "काशिनाथभाऊ, सोडा, मी करतो ना." मी ऐकलं नाही. बोल्ट अर्धवट सोडायचा नसतो.

मी कुवेतला आलो त्याला सव्वीस वर्षं झाली. लग्नाला सत्तावीस. दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. एकत्र राहिलो ते दिवस जोडले तर तीन वर्षं होतात, त्यातलं एक लग्नाचं पहिलं वर्ष. आम्हाला मूल झालं नाही. बाकीचा संसार फोनवर.

मागच्या डिसेंबरात माझी सुट्टी ठरलेली होती. अबू फहादने गाडी आणून सोडली आणि म्हणाला, हे काम काशीच करेल, दुसरा हात लावणार नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. ताराला म्हणालो, गाडी सुरू झाली की येतो.

"जुन्या गाडयेक नवीन इंजिन घालतल्यात," ती म्हणाली. "आनी माझे गुडघे कधी बदलतल्यात?"

"तुझे पार्ट आता मिळनत नाय."

"मग भंगारात घाला," ती म्हणाली आणि हसली. तिला हसताना खोकला यायचा. ती जिना चढताना दमते, हे मला सुदेशच्या बायकोने सांगितलं होतं. मी ताराला विचारलं तर म्हणाली, "वय झाला." मी पुढे विचारलं नाही.

नवं बसवलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना आमची एक रीत होती. गावात देवासमोर गाऱ्हाणं घालतात, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. ते मानकऱ्याचं काम, बायका घालत नाहीत. पण तारा मानकऱ्याची नक्कल हुबेहूब करायची. एकदा गमतीत मी तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गाडीच्या बॅटरीवर उभा केला, तेव्हापासून दर इंजिनाला ती लागायचीच. अबू फहादच्या जीपला असंच नवं इंजिन बसवलं तेव्हा तो समोर उभा होता.

"बा देवा म्हाराजा," ताराने आवाज जाड केला, "आज जी काय ही अबू फादाची गाडी सुरू करतत, तिच्या वाटेक काय आडवा-तिडवा येयत तर ता बारा गावच्या येशीभायर ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"मदाम क्या बोलता?" अबू फहादने विचारलं.

"दुआ करता है."

"आमीन," तो म्हणाला.

"आनी ह्येंका डिसेंबरात घराक घेवन ये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमीन, आमीन," अबू फहाद म्हणाला. त्याला शब्द एक कळला नव्हता. तारा इतकी हसली की पदर तोंडात धरून फोनपुढून निघून गेली.

दहाव्या दिवशी मी आमच्या खोलीजवळ, अब्बासियात, केस उतरवले. न्हाव्याने विचारलं, गरमी का? मी हो म्हणालो. खोलीत आम्ही सहा जण राहतो. त्यांनी त्या दिवशी टीव्ही लावला नाही. गच्चीवर मी भाताचा पिंड ठेवला आणि बराच वेळ उभा राहिलो. कावळा आला नाही. कबुतरं आली, त्यांनी खाल्लं. ते चालतं का, हे विचारायला कोणी नव्हतं.

गावी सगळं सुदेशने केलं. फक्त अस्थी ठेवल्या. म्हणाला, "त्यो तुमच्या हातानच पाण्यात जाव्क व्हयेत." अस्थी घरात आणत नाहीत. घरामागे आमचा मांगर आहे, गवत-लाकडं ठेवायचा. तिथे वाशाला फडक्यात बांधून त्याने टांगून ठेवल्या.

"कधी येतास?" त्याने विचारलं.

"गाडी सुरू झाली की येतो," मी म्हणालो. बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोललो ते.

मग सुदेश म्हणाला, "भावोजी, एक सांगूचा रवला. त्या दिवशी फोन लावूक तिनाच सांगितल्यान. तिका तुमच्याशी बोलूचा होता."

"काय बोलूचा होता?"

"ता नाय सांगूक. तुमी तिसऱ्यांदा कट केल्यात, मी परत लावूक गेलंय, तर तिना माझो हात धरल्यान. म्हणाली, नको लावू. इंजिन टांगलेला आसतला. हात सुटतलो तेंचो."

हे तिचं शेवटचं बोलणं.

मी तेव्हा गॅरेजात होतो. गाडीपाशी गेलो आणि बीम आणि चेंबरमधली फट बोटाने चाचपली. दीड बोट फट होती. चांगलं बसलं होतं. इतकं चांगलं मी आजपर्यंत बसवलेलं नाही.

जून उजाडला. रेडिएटर, पेट्रोलचा पंप, वायरिंग सगळं झालं होतं. मी रोज काहीतरी उरलंय म्हणायचो. एक दिवस अभिजीत म्हणाला, "भाऊ, आता काय राहिलंय? लॅपटॉप सगळं ओके दाखवतोय. उगाच कशाला थांबवताय?" मी म्हटलं, बोलव त्याला.

अबू फहाद संध्याकाळी आला. सगळ्यांसाठी ज्यूसचा खोका घेऊन आला. गाडीभोवती एक फेरी मारली. कोपऱ्यात त्याच्या बापाचं जुनं इंजिन चादर टाकून ठेवलेलं होतं, त्यावर हात ठेवून उभा राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "यल्ला काशी. मदाम किदर? टेलिफोन लगाव."

अभिजीतने खाली बघितलं. त्याने सांगितलं असेल असं मला वाटलं होतं, आणि त्याला वाटलं होतं मी सांगितलं असेल.

"मदाम नहीं है," मी म्हणालो. "मर गया."

"कब?"

"जिस दिन ये इंजिन बैठा."

तो माझ्या टोपीकडे बघत राहिला. टोपीखाली केस आता पेरभर वाढले होते.

"तुम गया नहीं? मेरा गाडी के वास्ते?"

"नहीं," मी म्हणालो. "गाडी के वास्ते नहीं."

मग कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आताही येत नाही. गेलो तर घर उघडावं लागेल, एवढं कळतं.

मी आत बसलो आणि सेल्फ मारला. पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. आवाज एकसारखा, कुठे धक्का नाही, धूर नाही. जुनं इंजिन सुरू झालं की सगळी गाडी हलायची. ही हलली नाही. बॅटरीवर फोन नव्हता. मी स्टेअरिंग धरून बसलो आणि सवयीने थांबलो, कोणीतरी बोलायचं आहे म्हणून.

बाहेरून अबू फहाद हळूच म्हणाला, "आमीन."

त्याने मला तिकीट दिलं. परवानगीचा कागदही निघाला. त्या कागदाची मुदत संपली. दुसरा मी काढलेला नाही. गॅरेजात आता दुसरी जुनी गाडी आली आहे, तिचं इंजिन काढायचं चाललं आहे.

परवा सुदेशचा फोन आला. काही टांगलेलं नव्हतं, मी पहिल्या रिंगला उचलला.

"भावोजी, मांगराच्या वाशाक वाळवी लागली हा. फडक्यापत्तर येतली."

"येतंय," मी म्हणालो.

"कधी?"

ताराच्या अस्थी अजून मांगरात टांगलेल्या आहेत. त्या खाली उतरवायच्या राहिल्या आहेत.